निरंक

अवसरी बुद्रुक,
६ जुलै

प्रिय संस्कृती,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. पत्ता आईच्या हातून लिहून घ्यावा, असं एकदा मनात आलं होतं. पण तेवढीही लबाडी आता नको वाटली.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण ऐकत नाही. वरच्या पट्टीत सोयाबीन पेरून झालं. गाय व्याली, कालवड झाली, हे तिनं तुला सांगितलंच असेल. तू आत्याकडे पुण्याला गेल्यापासून दर रविवारी तुझा फोन येतो, तेव्हा मी ओसरीवर पेपर धरून बसतो आणि आईच्या बोलण्यावरून तू काय म्हणत असशील ते जुळवत राहतो. शेवटी ती विचारते, 'आप्पांना देऊ का?' मग थोडं थांबून म्हणते, 'बरं, ऱ्हाऊ दे.' फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघत नाही. मीही पेपरातून मान वर काढत नाही.

लहानपणी शनिवारी तू माझ्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात यायचीस आणि रद्दी कागदांवर शिक्के मारत बसायचीस. आमच्या कॉलेजात बी.एस्सी. सुरू झालं तेव्हा तुला बाहेर पाठवायचं नाही, असा हट्ट मीच धरला. मी हेडक्लार्क, पोरगी माझ्या डोळ्यांसमोर शिकेल, याचा मला केवढा अभिमान. गेल्या ऑगस्टमध्ये तू काउंटरवर अर्ज घेऊन आलीस, तेव्हा मात्र मला आप्पा म्हणाली नाहीस. 'सर, पोच द्या,' म्हणालीस. मागे सात मुली उभ्या होत्या. मला हसू आलं आणि छाती फुगली. मी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, सही केली. तक्रार रजिस्टरमध्ये नोंदही केली. त्या घटकेपर्यंत मी सरळ होतो.

अर्जातलं सगळं खरं होतं. पाण्याची मोटार जळून बारा दिवस झाले होते. प्रयोगशाळेचे नळ कोरडे होते, तरी प्रॅक्टिकल चालूच होतं. शिनोलीच्या तेजस्विनीच्या उजव्या हातावर ॲसिड सांडलं, तेव्हा तुम्ही पोरी कॅन्टीनपर्यंत पळत जाऊन बादली घेऊन आलात. तुम्ही अर्जात लिहिलं होतं की प्रथमोपचाराची पेटी जागेवर नव्हती. ती कुठे होती, हे तुम्हाला माहीत नव्हतं. ती माझ्या कपाटात होती, कुलपात. डिसेंबरात कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची समिती येणार, तोवर पेटी नवी कोरी दिसायला हवी म्हणून मीच ती आत ठेवली होती. तुझ्या आईला हे मी इतके दिवस सांगितलेलं नव्हतं. काल सांगितलं.

तो अर्ज पंधरा दिवसांत तक्रार निवारण समितीपुढे जायला हवा होता. मी प्राचार्यांकडे नेला. त्यांनी वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. नोव्हेंबरात त्यांनी मला बोलावून दार लावायला सांगितलं. म्हणाले, 'रामनाथ, ग्रेड घसरली तर ॲडमिशन घसरतील, आणि विज्ञान शाखा बंद पडली तर या भागातल्या पोरींना पुण्याला कोण पाठवणार? तुम्हीच सांगा.' आणि एक नवं कोरं रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी घरी येताना स्वतःची समजूत घातली की, हे दोनशे पोरींसाठी आहे. संस्कृती, तसं नव्हतं. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती आणि मी घाबरलो होतो. पोरींचं नाव मी पुढे केलं, एवढंच. नव्या रजिस्टरमध्ये तीन वर्षांच्या प्रत्येक महिन्यासमोर मी लिहीत गेलो: निरंक, निरंक, निरंक. कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काहीही नाही. एकसारखं दिसू नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरली. एवढी अक्कल मी चांगल्या कामाला कधी लावली नव्हती.

नॅकची समिती आली त्या दिवशीचं तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. मुलांशी बोलायचं म्हणून त्यांनी सगळ्या प्राध्यापकांना बाहेर काढलं होतं. मग अध्यक्षांनी तक्रारींचं रजिस्टर मागवलं, म्हणून मला आत बोलावलं. तू पहिल्या बाकावर होतीस; अर्जावर सह्या केलेल्यांपैकी तू एकटीच, माझी मुलगी म्हणून आत घेतलेली. ते पानं उलटत म्हणाले, 'तीन वर्षांत एकही तक्रार नाही? फारच समाधानी आहात तुम्ही.' पोरं हसली. तू उठलीस. 'सर, आम्ही ऑगस्टमध्ये अर्ज दिला होता,' म्हणालीस. मान सरळ होती. अध्यक्षांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'आला होता का असा अर्ज?'

मी म्हणालो, 'नाही, सर.'

मग तुला म्हणाले, 'पोच आहे का तुमच्याकडे?' तुझा हात बॅगेत गेला. मला ठाऊक होतं, तो कागद त्या बॅगेत आहे. माझ्याच सहीचा. तू माझ्याकडे बघितलंस आणि हात रिकामाच बाहेर काढलास. 'हरवली, सर,' म्हणालीस आणि खाली बसलीस. आयुष्यात तू खोटं बोललेलं मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि ते मला झाकण्यासाठी.

कॉलेजला चांगली ग्रेड मिळाली. पेढे वाटले. मी घरी पाव किलो आणले होते, ते तू बघितलेस आणि आत निघून गेलीस. त्यानंतर परीक्षेपर्यंतचे चार-पाच महिने आपण एका घरात राहिलो आणि तू मला 'जेवायला वाढलंय' याखेरीज काही बोलली नाहीस. भांडली असतीस तर बरं वाटलं असतं. मे महिन्यात तू दाखला मागितलास. तोही मीच तयार केला. कॉलेज सोडण्याचं कारण, या रकान्यात मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. तू वाचलंस, घडी घातलीस आणि गेलीस.

त्यानंतर आठ दिवसांनी तेजस्विनीचे वडील, धर्माजी, तिचा दाखला न्यायला आले. तिची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. काचेचं भांडं हातातून सुटतं, म्हणून तिनं विज्ञानच सोडलं. तू तिला भेटायला जात होतीस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ते खुर्चीवर बसायला तयार नव्हते. उभ्यानंच म्हणाले, 'सायेब, तुमच्या पोरीनं आमच्यासाठी लई केलं. अर्ज लिवला, दर आठवड्याला येऊन गेली. कुणी दाद दिली न्हाई, त्याला ती काय करणार? पर अशी लेक असायला बाप बी तसाच लागतो, राव.' आणि पिशवीतून शेरभर तांदूळ काढून माझ्या टेबलावर ठेवले. घरच्या भाताचे. मी नको म्हणू शकलो नाही आणि घेऊही शकलो नाही. त्यांना निरोप देऊन मी मागच्या स्टोअररूममध्ये जाऊन उभा राहिलो. शिपायानं दोनदा हाका मारल्या, तरी मी बाहेर आलो नाही.

तुमच्या अर्जाची नोंद असलेलं जुनं रजिस्टर प्राचार्यांनी मला जाळायला सांगितलं होतं. ते मी जाळलं नव्हतं, घरी आणून ठेवलं होतं. हा चांगुलपणा समजू नकोस. भित्रा माणूस दोन्ही बाजूंनी सोय करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी शिनोलीला गेलो. धर्माजींच्या दारात, तेजस्विनीसमोर, पेटीपासून रजिस्टरपर्यंत सगळं सांगितलं. तेजस्विनीनं विचारलं, 'संस्कृतीला म्हाईत होतं का?' मी म्हणालो, तिला त्या खोलीत कळलं, तुला सांगायची तिला लाज वाटली असेल, ती लाज माझी आहे. पोरगी उठून आत गेली. धर्माजींनी मला चहा विचारला नाही. बरोबर केलं त्यांनी.

तिथून मी मंचरला येऊन जुन्या रजिस्टरच्या आणि आदल्या संध्याकाळी ऑफिसातून उचलून आणलेल्या नव्याच्या झेरॉक्स काढल्या आणि विद्यापीठाच्या लोकपालांकडे अर्ज केला. कॉलेजनं विद्यार्थ्यांची दाद घेतली नाही तर तिथं जाता येतं. ही माहिती लिहिलेला फलक ऑफिसबाहेर लावणं माझंच काम होतं, आणि मी तो कधी लावला नव्हता. एक प्रत नॅकच्या कार्यालयालाही पाठवली. जूनमध्ये मला निलंबित केलं. आईनं ते तुला सांगितलं नसेल, मीच नको म्हणालो होतो. पेन्शनचं काय होईल, माहीत नाही. गावात काही जण म्हणतात, स्वतःच्याच कॉलेजावर उलटला. आई फक्त एवढंच म्हणाली, 'लई उशीर केला तुमी.'

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. अठरा तारखेला पुण्यात सुनावणी आहे. अर्जावर सह्या केलेल्या तुम्हा आठही जणींना बोलावलंय. तुझी नोटीस आत्याच्या पत्त्यावर येईल. पत्ता मीच दिला, तुला न विचारता, त्याबद्दलही रागाव. तू परत यावंस किंवा माझ्याशी बोलावंस म्हणून मी हे लिहीत नाही. मला वेगळीच भीती वाटते. तिथं तुला विचारतील, समितीपुढे काय घडलं, आणि निलंबित बापाची दया येऊन तू पुन्हा काहीतरी हरवल्याचं सांगशील. तसं करू नकोस, बाळा. मी समोरच बसलेला असेन. माझ्याकडे बघून बोलणं जड गेलं तर त्यांच्याकडे बघ. पण स्पष्ट सांग, की आम्ही अर्ज दिला होता, आणि माझे वडील खोटं बोलले.

तुझाच,
आप्पा