मुखरूभाऊ बसला का खड्ड्यात?

कॅन थो, व्हिएतनाम
दि. ३

तीर्थरूप मुखरूमामांना उर्वशीचा वाकून नमस्कार. शकुमामीलाही सांगावा.

डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, हे मामीकडून फोनवर कळलं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत. तीन नाही आणि आठवण झाली म्हणून सहाही नाही. धान मळणीची धूळ डोळ्यात जाऊ देऊ नये. तुम्हाला फोनचा पडदा वाचायला त्रास होतो म्हणून हे पत्र हातानं लिहिते आहे, आणि अक्षर तुमच्या नाटकाच्या वहीतल्याएवढं काढते आहे. इथून सिंदेवाहीला पत्र पोहोचायला अठरा दिवस लागतात असं पोस्टातल्या बाईनं सांगितलं आहे. म्हणजे २१ तारखेला ते तुमच्या हातात पडेल. (ही तारीख का महत्त्वाची आहे ते शेवटी येईल. आधी शेवट वाचू नये. तुमची ती सवय मला माहीत आहे.)

माझी प्रकृती उत्तम. जेवण उत्तम. गाव नदीकाठी आहे आणि चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, त्यामुळे खिडकीतून पाहिलं तर आपण शेजारच्या नागभीडच्या पुढे कुठे आलोत असं वाटत नाही. कशाचीही कमतरता नाही.

आता हकीकत. तुम्ही गावात सगळ्यांना सांगता की पोरगी आपल्या हुशारीवर परदेशात इंग्रजी शिकवायला गेली. हे पूर्ण सत्य नाही. मुलाखतीत तुमचा वाटा होता, आणि तो नोंदला गेला पाहिजे. इंजिनियरिंग करून तीन वर्षं सिमेंट कारखान्यात दाबमापकं तपासणारी मी, इंग्रजीतून यंत्रांच्या सूचना लिहिता लिहिता इंग्रजी शिकवण्याचा कोर्स केला, इथवर सगळं माझं. पण ऑनलाइन मुलाखतीच्या सकाळी माझे हात थंड पडले, आणि ते तुम्ही पाहिलं. चाळीस हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून नटांना वाक्य देणाऱ्या माणसापासून असल्या गोष्टी लपत नाहीत. "मले इंग्रजी येत नाई तर काय झालं? तू मराठी अक्षरात लिहून दे, मी वाक्य देतो," असं म्हणून तुम्ही माझी वही घेऊन कपाटाआड पाटावर बसलात. मी नको म्हणायला हवं होतं. पण नवव्या वर्षी मी स्टेजवर राजकन्या झाले होते तेव्हाचा नियम अंगात मुरला आहे: खड्ड्यातून जे येईल ते बोलायचं, विचार नंतर करायचा.

पहिली दोन उत्तरं सुरळीत गेली. तिसऱ्यात मी कंसात स्वतःसाठी "इथे हसायचं" असं लिहून ठेवलं होतं, तेही तुम्ही खणखणीत आवाजात वाचलंत. मी हसले. (दोन सेकंद उशिरा.) समोरच्या हानबाई, म्हणजे इथल्या मुख्याध्यापिका, यांनी विचारलं की हा आवाज कुणाचा. मी म्हटलं, माझे मामा, वीजपुरवठा बघताहेत. मग त्यांनी विचारलं की वर्गात कुणी रडायला लागलं तर काय कराल. याचं उत्तर वहीच्या सातव्या पानावर होतं, पण तुमच्या बोटाखालून दोन पानं एकदम उलटली आणि कपाटामागून माझ्या कारखान्यातल्या अनुभवाचं पान आलं. मी ते जसंच्या तसं इंग्रजीतून बोलले: "मी आधी मुख्य झडप बंद करते, आणि मग गळती कुठे आहे ते शांतपणे शोधते."

हानबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. नेमणुकीचं पत्र पाचव्या दिवशी आलं. (तुम्ही अजूनही म्हणता की पान तुम्ही मुद्दाम उलटलं. मला तसं वाटत नाही.)

इथे माझा वर्ग लहान मुलांचा नाही. मासे कापून, गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यातले चौदा जण रोज सकाळी दहा वाजता येतात. त्यांत बर्फखान्यातले तिघे, एक हिशेबनीस, एक ड्रायव्हर, आणि तुयेत नावाची पन्नाशीची बाई, जी तीस वर्षं मासे साफ करते आहे. परदेशी तपासणीस आले की यांना त्यांच्याशी बोलता यावं एवढंच काम. करार असा की तीन महिन्यांनी कारखान्याचे मालक वर्ग पाहणार. पसंत पडला तर दोन वर्षं, नाही तर वर्ग बंद आणि मी परत. ही गोष्ट मी घरी कुणालाच सांगितलेली नाही. सगळ्यांना दोन वर्षं पक्की असंच माहीत आहे. तुम्हालाही आत्ताच कळते आहे.

पहिल्या दिवशी चौदाही जण गप्प. दुसऱ्या दिवशीही. मी कोर्समध्ये शिकवलेल्या सगळ्या पद्धती क्रमानं वापरल्या आणि प्रत्येकीपुढे वहीत फुली मारली. नवव्या दिवशी तुयेतबाई उभी राहिली, तोंड उघडलं, आणि अडकली. तिचे हात मी पाहिले. आणि माझ्या तोंडून, तुमच्याच पट्टीत, हळूच पुढचं वाक्य गेलं. तिनं ते उचललं. मग दुसऱ्यानं. महिन्याभरात माझा वर्ग झाडीपट्टीची नाटक कंपनी झाला, मामा. मी फळ्याखाली बसकं स्टूल घेऊन बसायची, वाक्य द्यायची, आणि समोर बर्फखाना आणि तपासणीस यांचा असा काही संवाद रंगायचा की शेजारच्या वर्गातले लोक दारात येऊन उभे राहायचे. ड्रायव्हर तर छातीवर हात ठेवून बोलायला लागला. हे मी त्याला शिकवलेलं नाही.

मालक आले त्या दिवशी सगळं एकही चूक न होता पार पडलं. मालक उठले. आणि जाता जाता त्यांनी तुयेतबाईला, अगदी साधेपणानं, इंग्रजीतून विचारलं की कारखान्यात तुमचं काम काय.

हे वहीत नव्हतं. आपला नट अशा वेळी नुसता कान तिरपा करतो, पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. या चौदा जणांनी माना वळवल्या. एकदम, माझ्याकडे. आणि मी (विचार नंतर करायचा) हळूच वाक्य दिलं: "मी मासे साफ करते." चौदाही जण एका सुरात म्हणाले, मी मासे साफ करते. हिशेबनीसही. ड्रायव्हरनं छातीवर हात ठेवून.

मालकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसले नाहीत. म्हणाले, चार आठवड्यांनी पुन्हा येतो. त्या दिवशी बाईंनी मागच्या खुर्चीवर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

नंतर मी शिक्षकांच्या खोलीत बसले होते. हानबाई आल्या, चहाचा कप ठेवला, आणि एवढंच विचारलं, "मुख्य झडप बंद झाली का?" मी रडले नाही. केवळ नोंद म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल वर्गाबाहेर ठेवलं आणि तुयेतबाईला विचारलं की मासा कसा कापतात. ती गप्प उभी राहिली. मी बावन्न सेकंद मोजले. माझ्या जिभेवर तिचं वाक्य तयार होतं, मी दात दाबून धरले. मग ती बोलायला लागली ती अकरा मिनिटं बोलली, हवेत सुरी चालवत. त्रेचाळीस चुका केल्या (मी मोजल्या), आणि मासा कसा कापायचा ते आता मला नक्की माहीत आहे. तेव्हापासून ते रोज बोलताहेत. मला त्यांची काळजी उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र इथे आल्यावर कळली. मला वाटायचं, खड्ड्यातून नाटक सगळ्यात जवळून दिसतं. नाही. तिथून फक्त पायाचे अंगठे आणि हनुवट्या दिसतात. तुम्ही चाळीस हंगाम एकही नाटक पुढून पाहिलं नाही, आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

बाकी सर्व क्षेम. डोळ्याला पाणी लावू नये.

तुमची भाची,
उर्वशी

ता. क. १ : जेवण उत्तम आहे हे वर लिहिलं ते खरं आहे. तरी मामीनं लाखोळीची भाजी सुकवली असेल तर किती आहे ते कळवावं. पाठवा असं मी म्हणत नाही.

ता. क. २ : मामीनं मला आणखी एक सांगितलं आहे, आणि मी सांगितलं हे तिला सांगू नये. या हंगामात वडशाच्या कंपनीनं तुम्हाला बोलावलं नाही. नव्या नटांच्या कानात यंत्र असतं आणि एक पोरगा मोबाइलवरून वाक्य देतो. मामीनं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "बरंच झालं, माही कंबर दुखते." तुमची कंबर कधीच दुखत नाही.

ता. क. ३ : २४ तारखेला मालक येणार आहेत. इथले दहा म्हणजे तुमचे साडेआठ. मामीला व्हिडिओ फोन लावायला सांगा. माझा फोन मी मागच्या खुर्चीसमोर, खाली, मला तुम्ही दिसाल असा पुस्तकांना टेकवून ठेवणार आहे, तुमचा तुम्ही पाटावर ठेवा. तुमचा आवाज बंद राहील. (मुलाखतीचा अनुभव लक्षात घेऊन तो मी इकडून बंद करू शकते का ते तपासलं. करता येत नाही. म्हणून मामीला बजावा.) तुम्हाला काही वाचायचं नाही, काही बोलायचं नाही, वहीही नको. त्या दिवशी माझं काम फक्त गप्प बसण्याचं आहे, आणि ते मला एकटीला जमेल असं मला वाटत नाही.

भैयाजी आठवतात ना? तीस वर्षं एकच भूमिका केली, एक अक्षर कधी विसरले नाहीत, आणि तरी दर वेळी पडद्याआडून आधी विचारायचे, "वाक्यं मले पाठ हायेत. पन मुखरूभाऊ बसला का खड्ड्यात?" आणि तुम्ही खालून म्हणायचे, "मी आहो ना." मग ते प्रवेश करायचे. लहानपणी मला ते हास्यास्पद वाटायचं.

माझीही वाक्यं पाठ आहेत, मामा. तरी बसा.