लवणाचा दुसरा अर्थ

बाई, तुम्ही असतात तर या पत्राला एव्हाना लाल खूण झाली असती. मायना नाही, स्थळ नाही, तारीख नाही. स्थळ कोथरूड आहे, चौथा मजला, आणि खाली क्लासला निघालेल्या मुलांच्या दुचाक्यांचा असा गलका आहे की तुमचा तो खणखणीत आवाजसुद्धा इथे हरला असता. मायन्यात 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. पण तीर्थरूपांशी खोटं बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे, आणि मी तुमच्याशी एकदा बोललो आहे. त्याला चौतीस वर्षं झाली. तुम्हाला जाऊनही जवळजवळ तेवढीच.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. संस्कृतच्या मानाने ती गर्दीच. पाठ सुरू करण्याआधी तुम्ही फळ्यावर पाच शब्द लिहायचात आणि अर्थ विचारायचात. उत्तर चुकलं तर रागवायचा नाहीत, नुसतं 'बसा' म्हणायचात. पण त्या 'बसा'नंतर माणूस दोन दिवस उठत नसे. तुमचा खरा राग एकाच गोष्टीवर होता. भाषांतरात कोणी 'भांडं फुटलं' किंवा 'काम राहिलं' असं लिहिलं की तुमची पेन्सिल थांबायची. 'कर्ता कुठे आहे?' आम्ही म्हणायचो, बाई, कर्मणि प्रयोग आहे. त्यावर तुम्ही म्हणायचात, असू दे, पण कर्ता तृतीयेत का होईना, हजर पाहिजे.

त्या वर्गात ती होती. आदिवासी मुलींच्या वसतिगृहातून चालत यायची, महादेव कोळ्यांची, उत्तरेकडच्या डोंगरातली. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची आणि बोलत नसे. आम्हाला वाटायचं तिला येत नाही. आता वाटतं, आम्ही बोलू देण्याइतके गप्पच कधी बसलो नाही. त्या दिवशी फळ्यावर तिसरा शब्द आहे 'लवण'. आणि भिंतीकडचा हात वर होतो, वर्षात पहिल्यांदा. तुमचा चेहरा उजळलेला मला अजून दिसतो. ती उभी राहते आणि सांगते, दोन डोंगरांच्या मधली खोलगट जागा, तिथं पाणी मुरतं, म्हणून भात होतो. मग तुम्ही म्हणता, "असा अर्थ नाही. लवण म्हणजे मीठ. बसा." ती बसली. वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं ते तुम्हाला माहीत असणार, कारण माझं हसू तेव्हाही लपण्यासारखं नव्हतं. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव 'लवणिका' झालेलं होतं. शब्द व्याकरणशुद्ध होता, हे त्याचं दुर्दैव. वेडावाकडा असता तर चार दिवसांत विरला असता, हा टिकला.

त्याच संध्याकाळी मी शनिवार पेठेत तुमच्याकडे आलो होतो, समास शिकायला. म्हणजे खरं तर तुमच्या हातचं थालीपीठ खायला. समास हे तोंडी लावायला. तुम्ही गॅसजवळ उभ्या होतात आणि ओट्यावर, पिठाच्या परातीशेजारी, जुन्या मराठी कोशाचा जाडजूड भाग उघडा होता. पानावर तुमच्या पिठाच्या बोटाचा ठसा उमटलेला. तुम्ही पुस्तकाला ओल्या हातानेसुद्धा शिवू देत नसा, म्हणून तो ठसा लक्षात राहिला. तुम्ही म्हणालात, तिचं बरोबर होतं. संस्कृतात मीठ, पण मराठीत खोलगट जागा. आणि मी बोलते मराठी, राहते मराठीत, आणि मला ठाऊक नाही. मग एकदम विचारलंत, आज जिन्यात मुलं तिला कसल्या नावाने हाक मारत होती, ते कोणी ठेवलं? मी वहीत बघत म्हणालो, "पडलं आपलं, बाई." तुम्ही थालीपीठ उलटलंत आणि म्हणालात, "नावं पडत नाहीत. ठेवावी लागतात." पुढे काही विचारलं नाहीत. कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहिल्यात, घडी घातलीत आणि मला दिलीत. वर्गात मी सांगेनच, पण आधी तिला कळलं पाहिजे. तू सकाळी वसतिगृहावरूनच येतोस, देऊन ये.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गावर आला नाहीत. पहाटे अर्धांगाचा झटका आल्याचं दुपारी कळलं, आणि मग तुम्ही आलाच नाहीत. आम्ही सगळे इस्पितळाच्या व्हरांड्यात उभे राहिलो, तीही होती, मागे. चिठ्ठी माझ्या खिशात होती. सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी मी सायकल हळू केली होती, एवढं खरं. पण चिठ्ठी दिली की विनोद संपणार होता, आणि तो माझा पहिला यशस्वी विनोद होता. माणूस किती किरकोळ कारणासाठी किती मोठी गोष्ट अडवून धरतो, बाई. तुम्ही गेल्यावर तर ती देणं आणखी अवघड झालं, कारण मग 'इतके दिवस कुठे होती' याचं उत्तर द्यावं लागलं असतं. ती व्याकरणाच्या वहीत राहिली. जूनमध्ये तिने संस्कृत सोडलं, मराठी घेतलं. आम्ही म्हणालो, झेपलं नाही.

आता माझं ऐका. मी बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा धंदा आहे, आणि त्यात मी निष्णात आहे. गेल्या दिवाळीनंतर छापखान्यात एक बाई आल्या, पांढरे केस, खांद्याला शबनम. आश्रमशाळेत मुख्याध्यापिका होत्या. वीस वर्षं त्यांनी आपल्या लोकांचे शब्द गोळा केले होते, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर, आणि आता त्याचा कोश छापायचा होता. घाई होती. शब्द सांगणारी त्यांची आत्या नव्वदीला आली होती, आणि तिच्यानंतर यातला शब्द बरोबर की चूक हे सांगणारं कोणी उरणार नव्हतं. मालकांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी वर पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या बाकाची ओळख दोघांनाही पटली, आणि दोघांनीही ती दाखवली नाही. तिने फक्त विचारलं, "तुम्ही तपासणार?"

मी तपासलं. जीव ओतून तपासलं, कारण मला वाटत होतं, ही माझी भरपाई. 'पानी'चं 'पाणी' केलं. 'हाय'चं 'आहे' केलं. झाडांच्या नावांपुढे कंसात संस्कृत नावं घातली, कोणी मागितलेली नसताना. 'लवण' या नोंदीवर पोचलो तेव्हा हात थांबला, एवढंच. तिथे फक्त एक स्वल्पविराम दिला. आठवड्याने ती आली, पानं उलटत गेली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही माझं पुस्तक धुऊन दिलंत. सगळा रंग गेला." मग म्हणाली, चूक आमच्या आत्याला दाखवून काढायची, तुमच्या पुस्तकाला नाही. मी येऊ का, विचारलं. ती म्हणाली, पुण्याची माणसं येतात आमच्याकडे. ब्लँकेटं आणतात, फोटो काढतात, चहाच्या आत परततात. "तुम्ही रिकाम्या हातानं या. खोडरबर तेवढं आणा."

रिकाम्या हाताने जाणं पुणेकराला जमत नाही. मी तिच्या गावी जाणार हे आमच्या सोसायटीत कळलं आणि जुन्या कपड्यांची तीन पोती माझ्या गाडीत येऊन पडली. एकात कोणाचा तरी टायसुद्धा होता. ती पोती तिने गाडीतच राहू दिली. चैत्र होता. घराच्या ओट्यावर आत्या बसल्या होत्या, डोळ्यांनी जवळजवळ गेलेल्या, कान तिखट. मी शब्द वाचायचो, त्या ऐकायच्या, बरोबर असला की मान हलवायच्या, नसला की "तसं नाय" म्हणून स्वतः म्हणायच्या आणि मी खोडायचो. तीन दिवस मी स्वतःच्याच दुरुस्त्या खोडत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला विचारलं, हा मास्तर एवढा कशाला चुकतो? ती म्हणाली, शिकलेला आहे.

तिसऱ्या दिवशी 'लवण' आलं. मी अर्थ वाचला. आत्यांनी मान हलवली नाही. समोर हात केला. खाली धरणाचं पाणी उन्हाळ्याने मागे सरलं होतं, आणि चिखलातून दगडी जोत्यांच्या रांगा वर आल्या होत्या. "त्यो शब्द नाय, मास्तर. ते आमचं घर व्हतं." मला तेव्हा कळलं, बाई, की त्या दिवशी वर्गात तिने अर्थ सांगितलाच नव्हता, पत्ता सांगितला होता. आणि आपण म्हणालो, असा अर्थ नाही. ते पाणी खाली पूर्वेला जातं, त्यावर ऊस होतो, उसाची साखर आपल्या चहात येते. लवणाची साखर करणारं व्याकरण आपल्याला पाठ होतं. खोलगट जागा तेवढी ठाऊक नव्हती.

मी पाकिटातून चिठ्ठी काढून तिला दिली. घडीवर ती फाटायला आली आहे. तुमचं अक्षर मात्र तसंच. 'लवण: खोलगट, सखल जागा. शब्द आहे, अर्थही आहे. चूक माझी होती, तुझी नव्हे.' तिने दोनदा वाचली. विचारलं, बाईंनी कधी दिली? मी म्हणालो, त्याच संध्याकाळी. तिने चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाली, "ही मिळाली असती तरी कदाचित मी संस्कृत सोडलंच असतं. पण मग ते मी ठरवलेलं असतं." आत्या विचारू लागल्या, कागदावर काय लिवलंय? ती म्हणाली, लवण हाय, असं लिवलंय. आत्यांना काही उलगडेना.

"मंग? नाय कोन म्हनलं व्हतं?"

"कोनी नाय, आत्या. पुण्यात उशिरा कळतं."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. ते मागणं म्हणजे पुन्हा तिलाच कामाला लावणं. निघताना तिने एवढंच सांगितलं की ही चिठ्ठी 'लवण'च्या नोंदीशेजारी छापायची, बाईंच्या अक्षरात, जशीच्या तशी, आणि खाली ती कधी पोचली आणि तोवर का पोचली नाही याची एक ओळ. ती ओळ तुम्ही लिहा. तुमचं मराठी चांगलं आहे.

बाई, एका ओळीला मला पाच आठवडे लागले. पहिल्यांदा लिहिलं, 'काही कारणाने ही चिठ्ठी पोचू शकली नाही.' ती लाल वर्तुळ घेऊन परत आली. मग, 'ही चिठ्ठी दिली गेली नाही.' पुन्हा वर्तुळ, आणि समासात दोनच शब्दांचा प्रश्न, जो तिने तुमच्याकडूनच घेतला असणार, कारण तिसऱ्या बाकावरून तुम्ही चांगल्या ऐकू यायचात: 'कर्ता कुठाय?' मग मी शेवटचा डाव टाकला, 'माझ्याकडून दिली गेली नाही.' त्यावर तिने फोन केला आणि म्हणाली, आला, पण मागच्या दारानं आला. पुढच्या दारानं यायला सांगा.

काल तिने मान्य केलेली ओळ अशी: 'ही चिठ्ठी माझ्याजवळ होती. मी ती चौतीस वर्षं दिली नाही.' खाली माझं नाव. कोश सोमवारी छपाईला जाईल. पहिली प्रत आत्यांच्या हातात, वाचून दाखवण्यासाठी. पोती मी ज्यांची त्यांना परत केली. सोसायटीत सध्या माझ्याशी तीन घरं बोलत नाहीत.

हे पत्र मात्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता नाही, आणि तुमच्या-माझ्यातली टपालव्यवस्था कशी आहे ते तुम्ही जाणता. त्याच वहीत ठेवतो, चिठ्ठीची जागा आता रिकामी आहे. फक्त त्या संध्याकाळी तुम्ही ओट्याशी उभ्या राहून जे विचारलं होतंत त्याचं उत्तर राहिलं आहे. ते नाव पडलं नव्हतं, बाई. मी ठेवलं होतं.