बाबांचा रोजचा फेरफटका

सोप्रॉन,
१४ मे

बोगी बाळा,

खूप खूप आशीर्वाद. ईस्टरचं तुझं कार्ड वेळेवर पोचलं, उत्तराला मात्र उशीर झाला. रागावू नकोस. फोटोत तुझं लिंझचं नवं घर चांगलं हवेशीर दिसतंय. पडदे फार गडद आहेत. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.

इकडे सगळं ठीक. एप्रिलमध्ये दोन दिवस कडाक्याची थंडी पडली आणि जर्दाळूचा सगळा मोहोर गळून गेला, त्यामुळे यंदा मुरंब्याची आशा ठेवू नकोस. खालच्या गिझीनं मागची खोली भाड्यानं द्यायला सुरुवात केली आहे, दात करून घ्यायला येणाऱ्या ऑस्ट्रियन लोकांना. सकाळी जिन्यात गाल सुजलेली माणसं भेटतात. बिचाऱ्यांना तोंड उघडता येत नाही, नुसती मान हलवतात.

बाबा बरे आहेत. पर्यटकांना गाव दाखवायचं काम आता सोडलं, वयही झालं. पण अडतीस वर्षांची सवय अशी सुटते थोडीच! रोज सकाळी गावात चक्कर असतेच. मीही जाते सोबत. माझा गुडघा कुरकुर करतो, पण घरी बसून तरी काय करायचं?

एक विचारायचं होतं. तुमच्या तिथं वृद्धाश्रमात एखाद्याला उजव्या हातात चमचा धरता येत नसेल तर काय करता? आणि घास गालातच राहून जात असेल तर? शिवाय एकट्या बाईनं जड माणसाला खुर्चीतून उठवायचं तर पाठ कशी सांभाळायची? गिझीच्या नात्यातल्या एकांसाठी विचारते आहे. घाई नाही, सवडीनं लिही.

बाबांना वेगळं काही लिहू नकोस. तुझी खुशाली मी त्यांच्या कानावर घालते.

तुझी
आई


सोप्रॉन,
२८ सप्टेंबर

बोगी,

तुझं जूनमधलं पत्र दोनच ओळींचं होतं. “आई, गिझीकाकू अनाथाश्रमात वाढल्या, त्यांना नात्यातलं कुणी नाही. चमचा कुणाला धरता येत नाही?”

ते पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. पीठ काढलं की दिसायचं. मधे तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा दारात कुणीतरी आलंय म्हणून मी ठेवून दिला. दारात कुणी नव्हतं. आज लिहिते आहे, कारण हे मला फोनवर जमणार नाही. तू मधे बोलशील, मग मी रडेन, आणि सांगायचं ते राहूनच जाईल.

बाबांना फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला. दाढी करत होते, वस्तरा खाली पडल्याचा आवाज आला म्हणून मी गेले. पाच आठवडे दवाखान्यात होते. पाय हळूहळू चालू लागला, उजवा हात नाही. आणि वाचा गेली. सगळी नाही. ‘नाही’ म्हणता येत होतं, आणि एक शिवी. पाणी हवं, भूक लागली, दुखतंय, माझं नाव एतेल्का, यातलं काही नाही.

तुला कळवलं नाही. का, ते पुढे सांगते.

घरी आणल्यावर दहाएक दिवसांनी त्यांना जरा हवा लागावी म्हणून चौकात नेलं. अग्निबुरुजापाशी आल्याबरोबर ते ताठ उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, “मंडळी, जरा जवळ या. समोर आहे तो आपला अग्निबुरूज. वरचा पहारेकरी ज्या बाजूला आग दिसेल त्या बाजूला दिवसा लाल निशाण दाखवायचा, रात्री कंदील.” बोगी, एकही शब्द अडखळला नाही! मग ख्रिस्ती त्रैक्याचा स्तंभ, मग बकरी चर्च, मग नव्या गल्लीतलं ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ. सगळं ओळीनं, आधी आपल्या भाषेत आणि मग जर्मनमध्ये. मी चौकातच रडायला लागले. वाटलं, आले परत.

डॉक्टर म्हणाले, “बाई, फार आशा धरू नका. पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं, मनातलं बोलणं वेगळ्या जागी. ती दुसरी जागा गेली.”

तेव्हापासून रोज. नेलं नाही तर दारावर डाव्या हातानं धपाधप मारत बसायचे. रोज नऊला निघायचं आणि अडीच तास चालायचं, उन्हातसुद्धा. बकरीनं खुरानं जमीन उकरली, सोनं निघालं, त्या सोन्यातून चर्च बांधलं, हे सांगून झालं की त्यांचा तो विनोद, तुला पाठ आहे: “आणि बकरीला काय मिळालं? गवत!” मग ते थांबायचे. कुणी हसल्याशिवाय पुढे सरकायचेच नाहीत. मग मी हसायचे. पावसात छत्री धरून हसले आहे, दाढ ठणकत असताना हसले आहे. लोक बघायचे, म्हातारी वेडी झाली म्हणून.

घरी त्यातलीच वाक्यं कामाला लावायचे. शौचाला जायचं असलं की, “चला मंडळी, आता पुढे जाऊ या.” सूप गरम असलं की, “इथे कृपया हात लावू नये.” गिझी हसून हसून बेजार व्हायची. पहिले काही दिवस मीही हसले. पण त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं ग. मी त्यांच्यासाठी कुणीतरी पर्यटक होते. चाळीस वर्षांच्या संसारानंतर मला रोज सकाळी सांगण्यात यायचं, “आमच्या शहरात आपलं स्वागत आहे.”

आता बावीस ऑगस्टचं सांगते. हे गिझीलाही माहीत नाही.

त्या दिवशी स्तंभापाशी ते बोलत होते, आणि मी म्हणाले, “रेझो, मी पाणी घेऊन येते.” खरंच पाणीच आणायला निघाले होते. बुरुजाच्या कमानीखालून बाहेर पडले, पाण्याचं दुकान मागे टाकलं, आणि चालत राहिले ती स्टेशनापर्यंत. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, “कुठलं देऊ, मावशी?” मी म्हणाले, “लिंझ.” ती म्हणाली, “जाऊन-येऊन?” मी म्हणाले, “नुसतं जायचं.”

हो, तुझ्याकडेच यायला निघाले होते. हातात फक्त पर्स.

गाडीत समोर एक बाई होती. तिनं विचारलं, “एकट्याच?” मी म्हणाले, “हो.” बोगी, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! स्टेशनवर एक खारा पोगाचा पाव घेतला होता, तो मी सावकाश, कुणालाही न भरवता खाल्ला. सूर्यफुलाची शेतं मागे जात होती, आणि वीस मिनिटं मला कुणी काही दाखवलं नाही.

मग त्या बाईनं विचारलं, “कुणाकडे?” म्हटलं, लेकीकडे. “वा! आणि साहेब घरी एकटेच?”

मी पुढच्या स्टेशनवर उतरले. प्रेमानं उतरले असं लिहिणार नाही. मी तुझ्या दारात उभी राहिले असते, तू विचारलं असतंस बाबा कुठे आहेत, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून उतरले. परतीच्या गाडीला पाऊण तास होता. फलाटावर बसून राहिले. टॅक्सी करता आली असती, केली नाही.

चौकात आले तर बाबा नाहीत. बुरुजाच्या तिकीटखिडकीतून युदित ओरडली, “अगं एतेल्का, रेझो परत कामाला लागला की काय? वीसेक जर्मन घेऊन गेला बघ! आवाज काय लागलाय!”

माझा गुडघा कधी नव्हे तो पळाला. बकरी चर्चमध्ये नव्हते. नव्या गल्लीत सापडले, त्या प्रार्थनास्थळाच्या पायरीवर. भोवती माणसं होती, सगळी म्हातारी, माझ्याच वयाची. कुणी हसत नव्हतं, कुणी फोटोही काढत नव्हतं. एका बाईनं स्वतःचं निळं जाकीट बाबांच्या कमरेला बांधलं होतं. त्यांची विजार ओली झाली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि ते सांगत होते, “समोर आहे तो आपला अग्निबुरूज.” शेवटापर्यंत पोचून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. कुठे थांबायचं ते त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

ती निळ्या जाकिटाची बाई म्हणाली, “हे तिसऱ्यांदा चाललंय. आम्ही पाणी दिलं, पण ते बसतच नाहीत. तुम्ही ह्यांच्या कोण?”

आणि मी म्हणाले, “शेजारीण.”

तोंडातून निघून गेलं. बायको म्हणाले असते तर तिनं विचारलं असतं, मग तुम्ही होता कुठे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते, प्रत्येक ठिकाणाहून निघताना म्हणायचे तसं, डाव्या हाताचं बोट हवेत फिरवून म्हणाले, “सगळे आले? कुणी मागे राहिलं नाही ना?”

आता तूच सांग. ते पाठांतरातलं होतं की त्यांना कळलं होतं? महिनाभर मी हाच विचार करते आहे. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, पाठांतर. म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोव्हेरच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नाव घातलं. लवकर जागा झाली. पंधरा तारखेला त्यांना तिथे ठेवून आले. खोली चांगली आहे, खिडकीतून देवदार दिसतात. रोज दुपारी जाते. रोझालिया नावाची मुलगी त्यांचं सगळं करते, तुझ्याहून थोडी लहान असेल. पहिल्या दिवशी तिनं त्यांचे कपडे बदलले तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आता करत नाहीत. चमचा तिनं जाड मुठीचा आणलाय, डाव्या हातानं जेवतात. गालातला घास ती बोटानं हलकेच खाली सरकवते. मला सहा महिन्यांत ते जमलं नव्हतं.

पण बोलणं बंद झालं. तिथे बुरूज नाही, चर्च नाही. मीच एकदा म्हटलं, “मंडळी, जरा जवळ या.” ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी त्यांची खोडी काढते आहे.

आणि मी, बोगी, त्यांना तिथे ठेवून आले त्या दिवशी घरी येऊन तेरा तास झोपले. उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं, आणि त्याची लाज वाटली. अजूनही झोप पुरत नाही. दुपारी बसले की डोळे मिटतात. कित्येक वर्षांची झोप साठलेली असावी.

तुला का कळवलं नाही, ते सांगायचं राहिलं. सहा वर्षांपूर्वी तू निघालीस तेव्हा स्वयंपाकघरात बाबा तुला काय काय बोलले! “परक्यांच्या म्हाताऱ्यांची घाण काढायला माझी पोरगी? मतदान करून ऑस्ट्रियन व्हायला नकार दिलेलं ‘विश्वासू शहर, विश्वासू शहर’ म्हणत मी गावभर फिरतो, आणि माझ्याच घरातून तिकडची पहिली गाडी पकडतेस तू?” तू माझ्याकडे बघितलंस. मी मोरीशी होते. मी नळ मोठा सोडला, म्हणजे मला ऐकू आलं नाही असं तुला वाटावं. धुवायला काही नव्हतं. एकच पेला होता, तो धूत राहिले, दार लागेपर्यंत.

मग फेब्रुवारीत कुठल्या तोंडानं लिहायचं? ज्या कामासाठी तुला तसं बोलू दिलं, तेच काम करायला आता ये, असं? म्हणून मी एकटीनं करून दाखवायचं ठरवलं. जमलं नाही. फार अवघड आहे तुझं काम. मला माहीत नव्हतं.

बाबा तुला ओळखतील का, सांगता येत नाही. ओळखलं तरी माफी मागायला त्यांच्याकडे शब्द नाहीत. त्यांच्या वाटची मी मागू शकत नाही, माझ्या वाटची मागते आहे.

सुट्टी मिळाली तर ये. त्यांचं करायला नको, त्यांच्याजवळ रोझालिया आहे. आश्रमात न्यायचीही सक्ती करणार नाही. तू आलीस की मी घेवड्याचं सूप करीन, आपण दोघी जेवू, आणि मग तू थोडा वेळ नुसती घरात अस, मी आत पडलेली असताना. घरात कुणी जागं आहे हे माहीत असताना झोपायचं आहे मला.

बायको म्हणवून घ्यायला एकदा लाजलेली, पण तुझी आईच,
एतेल्का