खानावळीत शिकलेला पुढारी

मावशी, तुला लिहायचं म्हणून आणलेल्या पहिल्या कागदाची मी पतंगाला शेपटी केली, दुसरा एका दोस्ताने बायकोला पत्र लिहायला नेला. आज मुलुंडला त्याच्याच खोलीत एकटा आहे. माहुलला कामाला जायचं होतं, गेलो नाही. तू गेलीस त्याला सहा वर्षं झाली, आणि तुला वाचता येत नव्हतं हेही ठाऊक आहे. असो, लिहितो.

कुर्ल्याची तुझी खानावळ म्हणजे एक खोली, दोन पंगती आणि मागे चूल. जेवणारे सगळे कोकणातले, गिरणीत लागलेले. बिनकामाचा मीच एक. तेव्हा घाटकोपरच्या मंडळाच्या नाटकात मला पुढाऱ्याचं काम मिळालं होतं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झालेली, पांढऱ्या टोपीतला खलनायक लोकांना नवा होता. हा पुढारी चाळ वाचवतो म्हणून भाडेकरूंचे अंगठे घेतो आणि जागा कारखान्याच्या घशात घालतो. मी भुवया चढवून गडगडाटी हसायचो. मिशीही लावली होती, ती डिंकाने... मिशीची गोष्ट वेगळीच आहे, राहू दे. तालीम घेणारे मास्तर म्हणाले, "अरे, हा पुढारी आहे की रावण? चार दिवसांत जमलं नाही तर पडदा ओढायला जा." आणि मावशी, आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट सोडून पळावंसं वाटत नव्हतं.

तुझ्यासमोर ते हसणं करून दाखवलं, तर तू पिठाचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "मेल्या, वरडतंस कित्याक? लुबाडणारो कधी वरडता? तो गोड बोलता. गप बस, आणि माका वाढताना बघ."

त्या दिवशी बांगडे कमी पडले होते. पंगतीत जो सगळ्यात कुरकुऱ्या, त्याच्यासमोर तू पहिली वाकतेस. "आवशीचा पत्र इला काय रे? खोकलो कमी झालो तिचो?" तो विरघळतो, सांगत बसतो, आणि तेवढ्यात त्याच्या ताटात शेपटाकडचा तुकडा पडतो. गड्याला पत्ताच नाही! मधले तुकडे रात्रपाळी करून आलेल्यांना, आणि तुझ्या ताटात नुसतं कालवण. माझ्याकडे बघून तू भुवई उडवलीस. मला त्यातली लबाडी तेवढी कळली. बाकीचं फार उशिरा कळलं.

नाटकात मी तेच केलं. तरण्या भाडेकरूच्या खांद्यावर हात ठेवला, "आईचं पत्र आलं का रे?" म्हणालो, आणि त्याचा अंगठा शाईत बुडवला. आपले जेवणारे ओरडले, "आयला, ही तर आपली मावशी!" मंडप हसून लोळला. क्षणभर झकास वाटलं, मग आठवलं. तू बायकांच्या बाजूला बसली होतीस. तिकडे बघायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी तू मला मधला तुकडा वाढलास. ती शाबासकी होती की राग, मी विचारलं नाही. आठवड्याने एका फिरत्या कंपनीबरोबर निघून गेलो, तेही न सांगता. परत आलो तर कळलं, तू गावी जाऊन वारलीस.

तेव्हापासून पुढारीच करतोय. परवा देवनारला खेळ झाल्यावर एक म्हातारी पडद्यामागे येऊन मला मुडद्या म्हणून गेली. मी तिच्या पाया पडलो, ती आणखीच चिडली! हा मान तुझा आहे, मावशी. हे पोटही तुझ्याच शिकवणीवर चाललंय.

एक सांगून टाकतो. तू आमच्या सगळ्यांच्या आयांचे खोकले लक्षात ठेवायचीस. तुझं गावी कोण आहे, हे मी दोन वर्षं जेवून एकदाही विचारलं नाही. आता हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर...

थांब, दार वाजलं. एक बाई आल्यात, नाटकवाल्यांकडे चौकशी करत कुर्ल्याहून इथवर. तुझी लेक म्हणे. मला वरपासून खालपर्यंत बघून विचारतात, "आमच्या आवशीचो पुढारी तो तूच काय रे?"