हॉटेलातल्या म्हातारीला दिलेली माझी नोट

रविवार, १६ मार्च २००३
कळंबा

आज अमेरिकेतनं संदीपचा फोन आला. नातू माझा, आईविना माझ्याच हातचं खाऊन वाढलेला. म्हणतो, "आज्जी, हितल्या हॉटेलात एक म्हातारी वाढायला हाय, डिट्टो तुझ्यासारखी. मला काय पायजे ते न सांगता आणून ठेवती."

ठेवंल की! जेवण झाल्यावर वाढणाऱ्यासाठी टेबलावर वरचे पैसे ठेवायची रीत हाय तिकडं. न्हाय ठेवले तर माणूस हलका ठरतो म्हणं. आपल्याकडं उलटंच. पोटभर खाऊ घालायचं आन् निघताना वर त्याच्याच मुठीत नोट कोंबायची. संदीप निघाला तवा मीबी शंभराची कोंबली होती.

ती नोट त्यानं त्या म्हातारीला दिली! तिचा गुडघा दुखतोय म्हणून डॉलर जास्त ठेवले, आन् वर आठवण म्हणून माझी नोट. तिनं ती गल्ल्यामागं भिंतीवर चिकटवली.

गुडघा माझाबी दुखतोय की. कधी विचारलंस का रं?

मी एवढंच म्हटलं, "वय काय तिचं?"

"तुझ्यापरास दोन वर्षांनी मोठी."

आन् तरी माझ्या पोराचं ताट उचलती. जीव जळतोय माझा, लपवू कशाला?

शेजारणीचा जावई पुढच्या आठवड्यात तिकडं निघालाय. त्याच्याकडं कांदा-लसूण चटणी देणार हाय. संदीपला बजावलं, तिलाबी दे, पावाला भरपूर लावून खा म्हणावं.

मिरची दुप्पट घातलीया. बघू, मग हसत किती वाढती ते.