वसंताने पाठवणी नाचवली

नागपूर, १२ मे १९८३

चि. सौ. सिंधूस गणपतकाकाचे अनेक आशीर्वाद (आडवा पडूनच देतो आहे, कंबर धरली आहे). तुझी तब्येत बरी असेल, कामठीचं ऊन सोसत असशील. इथे उन्हाची तक्रार करायला सवड नाही, तुझा धाकटा भाऊ पुरेसा आहे.

आपला वसंता म्हणजे पाठवणीच्या गाण्यांचा राजा. सतरा वर्षं तो गायला, मी पेटी वाजवली, आणि दोघांनी मिळून नागपूरच्या किती मुली रडवून सासरी धाडल्या (नवरदेवही रडले, पण ते नंतर, आमच्या मदतीशिवाय). आता चाळिशी गाठल्यावर या गृहस्थाला कला नव्याने सापडली. चमकीचा शर्ट शिवून आणला, आरशापुढे कंबर हलवून पाहिली आणि मला म्हणतो, "काका, लोकाईले रडवून रडवून मी थकलो. आता डिस्को!"

मला वाटलं, उतरेल ताप. पण परवा गांधीबागेत नत्थूजी कापडवाल्यांच्या मुलीची पाठवणी होती. आईचा पदर डोळ्यांशी तयार, नत्थूजींनी तर दोन रुमाल घेतलेले, आणि वसंताने तेच रडकं गाणं ड्रमच्या तालावर चौपट लयीत सुरू केलं! मंडळी बावरली. मग नवरीच हसली, शालू खोचून मोटारीतून उतरली आणि नाचायला लागली. मागोमाग नत्थूजी, दोन्ही रुमाल हवेत. तिला तीनदा मोटारीत बसवली, तीनदा ती उतरली. इकडे वसंता उडी मारी तशी फळ्यांच्या मंचावर पेटी उडे आणि पेटीमागे मी. चौथ्या उडीला आम्ही दोघं मंचाखाली गेलो. पण सिंधू, पेटी थांबली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते मला कमरेपेक्षा जास्त लागलं.

वसंताने मला उचललं, पाठ चोळली आणि म्हणाला, "तुम्ही खाली बसून वाजवता काका, लोकाईले दिसतच नाही. रविवारच्या लग्नाले येऊ नका, घरी आराम करा." सतरा वर्षांनी आराम! तू थोरली आहेस, तुझं तो ऐकतो. त्याचा कान धर आणि पुन्हा रडक्या मार्गाला लाव.

तुझा (आणि निदान शनिवारपर्यंत वसंताचाही)
गणपतकाका

ता. क. : नवरीची आई म्हणाली, "माह्या बिदाईले असं कोणी गायलं असतं, तं मी बी हासत गेली असती." हे वसंताला कळवू नकोस, आणखी फुगेल.

पुन्हा ता. क. : त्याचा कान धरू नकोस. तुझे यजमान छावणीत शिपायांचे पट्टे शिवतात ना? पेटी गळ्यात अडकवून उभ्याने वाजवता येईल असा एक मजबूत पट्टा शिवायला सांग. लाल रंगाचा. चमकी लावली तर मी रागावणार नाही. शनिवारच्या आत पाठव, कंबर तोवर मी उभी करतो.