आक्काची भीती

सोमवार, ९ मार्च

चिरंजीव बंड्यास,

आक्काचा प्रेमाचा सलाम. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बंड्या म्हणते म्हणून चिडू नकोस. सहा वर्षांनी लिहिते आहे, नवीन नाव कुठून आणू?

इकडे सगळं ठीक. तुझ्या दाजींचे गुडघे कुरकुरतात आणि दाजी गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरतात. आमच्या रुग्णालयात नवं एक्स-रे मशीन आलंय. गेल्या महिन्यात त्यावर माझाच फोटो काढला, खोकला जात नव्हता म्हणून. तीस वर्षं लोकांना ‘श्वास रोखा, आता सोडा’ सांगणारी मी, स्वतःची वेळ आली तेव्हा सोडायचंच विसरले. माझ्या जोडीची बाई खूप हसली. मग पडद्यावर फोटो उमटला आणि तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला कळलं. उजव्या फुफ्फुसात गाठ आहे. गुरुवारी ऑपरेशन.

बघ, नुसती खुशाली लिहायला बसले होते.

बंड्या, मला फार भीती वाटते. रविवारी देवळात उपासनेला आलेल्या सगळ्या बायका माझ्यासाठी प्रार्थना करतात. मी ‘प्रभू बघून घेईल’ म्हणत हसते आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडते. तुझी बायको दवाखान्यात होती तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, “आक्का, मला भीती वाटते.” आणि मी म्हणाले होते, “विश्वास कमी पडतोय तुझा.” ती गेली आणि तू माझ्याशी बोलणं सोडलंस. बरोबरच केलंस. उंटावरून शेळ्या हाकत होते मी.

परवा हात मोडलेली एक चिमुरडी आली. किरण लागू नयेत म्हणून तिच्या आईला शिशाचा एप्रन चढवला आणि पोरीला घट्ट धरायला सांगितलं. पोर किंचाळत होती. अशी पोरं मी हजारोंनी पाहिली, पण गप्प कधी होतात एवढंच बघत आले. या वेळी दिसलं, की ती रडत होती तरी आईला सोडत नव्हती. ‘भिऊ नको’ असं ती आई एकदाही म्हणाली नाही. नुसती म्हणत होती, “मी आहे, मी आहे.”

त्या दोघी गेल्यावर दार लावून मी प्रार्थनेला बसले. शब्द सुचेनात. “प्रभू, मी भ्यालेय,” एवढंच म्हटलं. भीती गेली नाही. पण त्याने मला धरलंय हे आतून कळलं, आणि कित्येक दिवसांनी शांत वाटलं. विश्वास म्हणजे न भिणं असं जन्मभर समजले, आणि तुझ्या दुःखात तेच तुला ऐकवलं. माझं चुकलं. मला क्षमा कर.

गुरुवारी आठला मला आत नेतील. दाजी बाहेर एकटेच असतील. त्यांच्याशेजारी येऊन बसशील? प्रार्थना नाही केलीस तरी चालेल, तुझ्या वाटची मी करून ठेवलीय. आला नाहीस तर रागावणार नाही. पण आत जाताना एकदा वळून बघेन, हे आधीच सांगते.

तुझी घाबरलेली,
आक्का